वीस दिवसांची वाळू

नव्या फिशटँकमधले मासे पहिल्या दिवशी सहसा मरत नाहीत. मरतात ते आठ-दहा दिवसांनी, घरातल्यांचा त्यांच्यावर जीव जडल्यावर, आणि पाणी अगदी नितळ असताना. सकाळी टँकचा दिवा लावावा तर एक गोल्डफिश पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत असते, दुसरी तळाशी एका अंगावर कलंडलेली असते. कल्ल्यांच्या कडा लालभडक. मग घरात चौकशी सुरू होते. खाणे कुठले घातले, काचेवर टिचक्या कोणी मारल्या, रात्रभर एसी चालू होता का, कुणाची नजर तर लागली नाही ना. पाण्यावर संशय जात नाही, कारण पाणी स्वच्छ दिसत असते.

असे फोन मला येतात. आमच्या इमारतीत आणि ओळखीपाळखीत मी ‘मासेवाले काका’ आहे. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘टँक कधी धुतला होतात?’’ उत्तरही बहुतेक वेळा ठरलेले. ‘‘अहो, परवाच! सगळा रिकामा करून, खडे घासून, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून अगदी पांढरा केला.’’ हे सांगणाऱ्या वहिनींच्या आवाजातली काळजी खरी असते. आपल्या घरांत माया बऱ्याचदा स्वच्छतेच्या वाटेने चालते. देव उजळायचे, डबे घासायचे, आजारी माणसाची चादर रोज बदलायची. त्याच मायेने टँक धुतला गेलेला असतो, आणि मासे त्यामुळेच गेलेले असतात. हे त्यांना सांगताना मला दर वेळी वाईट वाटते, पण सांगितले नाही तर पुढच्या रविवारी नवे मासे येतील आणि त्यांचेही तेच होईल.

आपण शरीरातल्या नको असलेल्या नायट्रोजनचा युरिया करतो आणि तो लघवीवाटे टाकतो. मासा एवढा खटाटोप करत नाही. त्याच्या रक्तातला अमोनिया बहुतांशी कल्ल्यांमधूनच पाण्यात उतरतो, श्वास चालू आहे तोवर अखंड. त्यात उरलेले खाणे, विष्ठा, सडकी पाने यांचा अमोनिया मिसळतो. नदीत किंवा तळ्यात हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण पाणी अफाट असते. महाराष्ट्रातल्या किती भिंतींवर ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ असे रंगवलेले आपण वाचले आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरीत सोडलेले ते गप्पी पंपाशिवाय, फिल्टरशिवाय पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. हजारो लिटर पाणी, जेवढ्या अळ्या तेवढेच खाणे, आणि विहिरीच्या दगडी बांधकामावर वर्षानुवर्षे बसलेला बुळबुळीत थर. दोन फुटी टँकमध्ये पाणी असते जेमतेम पन्नास-पंचावन्न लिटर. त्यात सहा गोल्डफिश, दिवसातून तीनदा चिमूटभर खाणे, आणि सगळे कसे नुकतेच धुतलेले.

पाण्यात अमोनिया वाढला की कल्ल्यांना रक्तातला अमोनिया बाहेर ढकलता येत नाही. कल्ल्यांची नाजूक त्वचा सुजते, त्यांवर चिकट स्राव साचतो, आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही तो रक्तापर्यंत पोहोचत नाही. मासा वर येऊन धापा टाकतो तो म्हणून. घरातले लोक बुडबुड्यांचा पंप मोठा करतात. थोडा आराम पडतो. आजार तसाच राहतो.

या आजाराचा उलगडा झाला त्याची हकीकत मला फार आवडते, कारण ती एका बापलेकाची आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनचे रसायनतज्ज्ञ. १८४१ साली केमिकल सोसायटी स्थापन झाली त्यात त्यांचा पुढाकार होता. १८४९ मध्ये त्यांनी बारा गॅलन मावतील अशा काचेच्या भांड्यात, म्हणजे आजच्या आपल्या दोन फुटी टँकच्याच मापात, दोन गोल्डफिश सोडल्या आणि वॅलिसनेरियाची रोपे लावली. वॅलिसनेरिया आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते, लांब हिरव्या फितींची. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कार्बन डायऑक्साइड देतील, हिशेब जुळेल, असा त्यांचा विचार होता. काही दिवसांनी जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले. त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या, गोगलगायींनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी सुधारले. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग सोसायटीपुढे मांडला. पुढे तीनच वर्षांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचेच्या पेट्यांची लाट आली.

वॉरिंग्टन यांच्या हिशेबात प्राणवायू होता, कार्बन होता, अमोनिया मात्र नव्हता. त्यांचे भांडे तगले ते वनस्पती अमोनिया सरळ शोषून घेतात म्हणून, आणि तळाच्या वाळूत, चिखलात, दगडांवर काहीतरी घडत होते म्हणून. ते काय, हे कळायला पुढची पिढी यावी लागली.

१८७७ साली पॅरिसमध्ये श्लोझिंग आणि म्यूंत्स या दोघांनी मीटरभर लांब काचेच्या नळीत वाळू आणि चुनखडीची भुकटी भरली आणि वरून सांडपाणी हळूहळू सोडले. वरून अमोनिया गेला, खालूनही अमोनियाच आला. एक दिवस, पाच दिवस, पंधरा दिवस. वीस दिवस काहीच घडले नाही. मग एकाएकी खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले आणि हळूहळू अमोनिया नाहीसाच झाला. ही निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. वीस दिवस लागले ते काहीतरी वाढत होते म्हणून. खात्री करण्यासाठी त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही बंदच. मग त्यांनी बागेतली माती पाण्यात खळबळून ते पाणी वरून ओतले, आणि काही दिवसांत नायट्रेट पुन्हा सुरू झाले. वाळू जिवंत होती, ती मारली गेली होती आणि मूठभर मातीने तिला पुन्हा जीव आला होता.

हा धागा इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ज्याने उचलला, त्याचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टन. त्या गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा. अमोनियाचे आधी नायट्राइट होते आणि मग नायट्रेट, आणि या दोन पायऱ्या दोन वेगळे जीव चढतात, इथपर्यंत तो वर्षानुवर्षे चिकाटीने पोहोचला. ते जीव वेगळे काढणे मात्र त्याला साधले नाही. १८९० मध्ये झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राडस्की यांनी ते केले. हे जीवाणू प्रयोगशाळेतल्या पौष्टिक खाद्यावर वाढतच नाहीत. अमोनिया जाळून ते ऊर्जा मिळवतात आणि कार्बन डायऑक्साइडमधून आपले शरीर उभारतात. विनोग्राडस्कींनी त्यांना जिलेटिनऐवजी सिलिकाच्या जेलवर वाढवले. बापाच्या काचेच्या भांड्यात तळाशी काय चालले होते, याच्या अगदी उंबरठ्यापर्यंत मुलगा गेला होता, ही गोष्ट मला टँकसमोर बसलो की हमखास आठवते.

फिल्टरचा स्पंज म्हणजे श्लोझिंग-म्यूंत्सची ती नळी. नवीन टँकमध्ये तो कोरा असतो आणि नळीतल्या वाळूसारखाच त्याला वेळ लागतो, साधारण चार ते सहा आठवडे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय जीवाणू सगळे मनासारखे मिळाले तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. अमोनिया खाणाऱ्या जीवाणूंना त्यासाठी कित्येक तास, कधी अख्खा दिवस लागतो. बाजारात बाटलीतले जीवाणू मिळतात. काही कामाचे असतात, काही नाहीत. त्यापेक्षा ज्याचा टँक जुना आणि निरोगी आहे अशा ओळखीच्या माणसाकडून वापरातल्या स्पंजचा एक तुकडा मागून आणावा. शेजारून वाटीभर विरजण आणतो तसाच, आणि तो ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. मी असे तुकडे मागेल त्याला देतो.

स्पंज कधीच धुवायचा नाही असे नव्हे. तो गाळाने तुंबला की पाणी अडते आणि आतल्या जीवांना प्राणवायू मिळत नाही. पाणी बदलायच्या दिवशी रबरी नळीने टँकमधले पाणी बादलीत काढावे आणि त्याच पाण्यात स्पंज बुडवून दोन-तीनदा हलकेच पिळावा. तपकिरी गाळाचे ढग बादलीत उतरतात. बोटांना स्पंज किंचित बुळबुळीत लागतो, आणि तो तसाच लागायला हवा. त्याला ओल्या मातीचा वास येतो. सडक्या अंड्यांचा वास आला तर आत हवा पोहोचत नाही असे समजावे. पिळून झाला की स्पंज तसाच, तपकिरीच, परत जागेवर ठेवायचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि आपण कॉलऱ्याला दूर ठेवतो ते त्याच्याच जोरावर. स्पंजमधल्या जीवाणूंना ते सोडेल कसे? टँकमध्ये घालायचे पाणी म्हणूनच आदल्या रात्री बादलीत काढून ठेवावे, किंवा दुकानात क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात ते घालावेत. ते बहुधा सोडियम थायोसल्फेट असते.

या बारक्या जीवांचे शास्त्र अजून संपलेले नाही, आणि त्यातही मत्स्यालये पुन्हा पुन्हा भेटतात. २००५ मध्ये अमोनिया खाणारा एक अगदी वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका टँकमधून वेगळा काढला गेला. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतच्या दोन्ही पायऱ्या एकटा चढणारा जीवाणू २०१५ मध्ये जगापुढे आला, तेव्हा त्याचा एक ठावठिकाणा मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच होता. दोन पायऱ्यांना दोन वेगळे जीव लागतात, हे सव्वाशे वर्षे धरून चाललेले गृहीत तिथे मोडले.

आता पाण्याच्या चाचणीविषयी, कारण पुष्कळ मासे एका आकड्याच्या गैरसमजाने मरतात. शेजारचा सातवीतला मुलगा माझ्याकडे किट घेऊन येतो. त्याचा हात स्थिर आहे आणि त्याला घाई नसते, हे दोन्ही गुण या कामाला लागतात. नळीत खुणेपर्यंत पाणी, एका बाटलीचे थेंब मोजून, मग दुसरीचे, बूच लावून हलवायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. मग उजेडाकडे पाठ करून नळी रंगांच्या कार्डाशी धरायची. पिवळा म्हणजे अमोनिया नाही. पिवळ्यात हिरवी छटा शिरली की आहे. ‘‘काका, हिरवा झाला,’’ तो हळूच म्हणतो, आपल्या माशांच्या तब्येतीचा निकाल वाचतो आहे असे. कार्डावर एक. लिटरमागे एक मिलिग्रॅम. ‘‘हे वाईट आहे का?’’

याचे उत्तर त्या नळीत नसते, दुसऱ्या नळीत असते. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत राहतो. एक अमोनियम, माशाला बऱ्यापैकी निरुपद्रवी. दुसरा मुक्त अमोनिया, हा विषारी. कुठला किती, हे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. सामू ७ आणि तापमान २५ अंश असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून थोडासाच जास्त मुक्त असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दसपट. तोच हिरवा रंग, तोच एकचा आकडा. एका टँकमध्ये उद्यापर्यंत वाट पाहता येते, दुसऱ्यात कल्ले आत्ताच भाजत असतात. पाणी तापले तरी मुक्त अमोनियाचा वाटा वाढतो, म्हणून आपला एप्रिल-मे माशांना अधिक जाचतो.

मुंबईचे पाणी वैतरणा, तानसा, भातसा या तलावांतून येते. पावसाचे, काळ्या बेसाल्टवरून वाहून आलेले, हलके पाणी. त्यात विरघळलेले कार्बोनेट कमी. बोअरवेलच्या जड पाण्याने वैतागलेले लोक या पाण्याचा हेवा करतात आणि माणसांसाठी ते उत्तमच आहे. जुन्या टँकला मात्र ते एका जागी फसवते. जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होते आणि ते पाण्यातले कार्बोनेट खाऊन टाकते. नियमित पाणी बदलले तर नवे कार्बोनेट येत राहते. महिनोन्‌महिने फक्त आटलेले पाणी भरून काढले तर कार्बोनेट संपते आणि सामू घसरत सहाच्या खाली जातो. तिथे जीवाणूंचे काम जवळजवळ थांबते आणि अमोनिया साचू लागतो. पण पाणी इतके आम्ल की तो जवळपास सगळाच्या सगळा अमोनियम होऊन राहतो. मासे मलूल होतात, रंग उतरतो, पण जगतात. हळूहळू बदललेल्या पाण्याला ते हळूहळू रुळलेले असतात.

मग दिवाळी येते. साफसफाईत टँकचा नंबर लागतो. तीन चतुर्थांश पाणी काढून ताजे पाणी भरले जाते, सामू एका तासात सहाच्या खालून साडेसात-आठवर उडी मारतो, आणि राहिलेल्या पाण्यात साचलेले अमोनियम मुक्त अमोनिया होते. वर्षानुवर्षे जगलेले मासे त्याच संध्याकाळी मरतात. एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मी हे पाहिले आहे. हाताएवढ्या वाढलेल्या दोन गोल्डफिश होत्या. घरातल्या सगळ्यांचे म्हणणे पडले की नळाच्या पाण्यात काहीतरी आले असणार. पाणी निर्दोष होते. जुन्या पाण्याचा सामू कुणी कधी मोजला नव्हता, म्हणून घात झाला.

असा जुना, दुर्लक्षित टँक हाती आला तर त्याला एकदम बरे करायला जाऊ नये. रोज फक्त दहावा हिस्सा पाणी बदलावे, दोन आठवडे तरी, आणि सामू मोजत राहावे. कार्बोनेटसाठी फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा ठेवावा. कोकणातल्या किनाऱ्यावर तो फुकट मिळतो. तो हळूहळू विरघळतो, लागेल तेवढाच. पानाला लावायचा चुना चुकूनही घालू नये. तो सामू क्षणात वर नेतो आणि वर सांगितलेलाच अनर्थ घडवतो. पॅरिसच्या नळीत त्या दोघांनी वाळूबरोबर चुनखडी भरली होती, त्याचे महत्त्व मला मुंबईच्या पाण्याने शिकवले.

अमोनियानंतरची पायरी नायट्राइटची. नव्या टँकमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अमोनिया उतरतो आणि लोक सुटकेचा श्वास टाकतात, तेव्हाच नायट्राइट चढत असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो. रक्त आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. इथे साधे मीठ उपयोगी पडते. मिठातले क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटला अडवते. शंभर लिटर पाण्याला दहा ग्रॅम, म्हणजे सपाट दोन लहान चमचे मीठ आधी पाण्यात विरघळवून घातले तरी बराच बचाव होतो.

संकटाच्या दिवशी माणसाचे हात शिवशिवतात. निळे औषध घालू, पिवळे घालू, फिल्टर उघडून पाहू. माझा आग्रह असा की त्या दिवशी खाणे बंद करावे. मोठा, निरोगी मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, आणि खाणे थांबले की अमोनियाची आवकही कमी होते. मेलेला मासा आणि सडकी पाने काढावीत. सामू सात-आठच्या आसपास असेल तर पाव ते तिसरा हिस्सा पाणी, क्लोरीन घालवलेले आणि त्याच तापमानाचे, बदलावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलावे. निळे मिथिलीन ब्लू आणि प्रतिजैविके मुख्य टँकमध्ये घालू नयेत. ती आधीच तोकड्या पडलेल्या जीवाणूंना मारतात. दुकानदार एखादी बाटली पुढे करील तेव्हा त्यात काय आहे एवढे विचारावे. लेबलवर लिहिलेले नसेल तर घेऊ नये. वीज गेली आणि बंद डब्याचा फिल्टर बरेच तास थांबला, तर तो सुरू करण्याआधी आतले साचलेले पाणी ओतून द्यावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला नळाला गढूळ पाणी येते आणि क्लोरीनचा वासही उग्र असतो. त्या आठवड्यात पाणी बदलणे थोडे पुढे ढकलले तर बिघडत नाही.

चर्नी रोडला १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या किती मुलांनी तिथून घरी येऊन टँकचा हट्ट धरला असेल! तो हट्ट पुरवावा असेच मला वाटते. ज्या मुलाने स्वतः थेंब मोजून रंग बदलताना पाहिला आहे, त्याला पाणी काय असते हे पुस्तकाहून जास्त कळते. पण नदीतला मासा वाईट पाण्यातून निघून जाऊ शकतो, टँकमधल्याला ती वाट नाही. त्याचे सगळे पाणी आपल्या हातात असते, म्हणून हट्ट पुरवताना एवढे करा.

टँक या रविवारी आणा, पण मासे आणू नका. पाणी भरा, क्लोरीन घालवा, फिल्टर चालू करा, वॅलिसनेरिया लावा, मिळाला तर जुन्या स्पंजचा तुकडा ठेवा. रोज चिमूटभर खाणे टाका, ते सडून जीवाणूंचे खाद्य होईल. चाचणीची वही मुलाच्या हाती द्या आणि दिवसाआड आकडे लिहायला सांगा. आधी अमोनिया चढेल, मग उतरेल, मग नायट्राइट चढेल. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले की त्याला घेऊन दुकानात जा. दोनच मासे घ्या.